एक-तीन-चार-दोन

‘पेट्रोल आहे का?’ हा प्रश्न फियाटवाल्या काकांना विचारायचा नसतो. आमच्या लेआउटमधल्या शेंबड्या पोरांनाही हे कळतं. नव्या दूधवाल्याला ते माहीत नव्हतं. बोनेट उघडं होतं, काका कमरेपर्यंत आत होते आणि यानं गाडी थांबवून सहज विचारलं, “पेट्रोल तर आहे ना जी?” काका बाहेर आले. चष्मा काढून बनियनला पुसला, परत डोळ्यांवर चढवला. “भाऊ,” ते म्हणाले, “तुम्ही दुधात पाणी टाकता का, असं मी तुम्हाला कधी विचारलं?” त्या दिवसापासून आपल्या घरी दूध जास्तच पातळ येऊन राहिलं, असं काकू सांगतात.

नागपुरात वस्तीला लेआउट म्हणतात. लेआउटला एक हनुमान मंदिर लागतं, कोर्टात अडकलेला एक मोकळा प्लॉट लागतो आणि सुरू न होणारी एक गाडी लागते. त्रिमूर्तीनगर असो, खामला असो की मानेवाडा, सकाळी फिरायला निघा. कुठल्या तरी पोर्चमध्ये बोनेटनं आ वासलेला असतो आणि त्याच्या घशात एक सेवानिवृत्त माणूस असतो. तोंड दिसत नाही. बनियन, रेघांचा पायजमा आणि नाडीत खोचलेला पेचकस एवढ्यावर ओळख पटवावी लागते. आमच्याकडचे ते हे काका. त्यांना आडनाव आहे, पण ते फक्त लाइट बिलावर. कुरिअरवालासुद्धा ‘फियाटवाल्या काकांचं घर कोणतं’ असंच विचारत येतो.

तशी ती फियाट नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची अकराशे डी १९६४ पासून बनवली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं दुसरं बारसं करून नाव ठेवलं पद्मिनी. काकांची गाडी ८६ सालची, म्हणजे आरसी बुकात पद्मिनीच. पण लग्नात नाव बदललं म्हणून माहेरचे काही नव्या नावानं हाक मारत नाहीत. काकांनी ती धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडून घेतली, १९९३ मध्ये. “डॉक्टरची गाडी होती, म्हणजे तब्येत चांगलीच असणार,” असं ते तेव्हापासून सांगताहेत. डॉक्टरांनी ती का काढली, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात काकांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले. माणूस निवृत्त झाला, पण आक्षेप काढायची सवय निवृत्त झाली नाही. तिला करायला काही उरलं नव्हतं. मुलगी पुण्यात, काकू कोणत्याच आक्षेपाचं अनुपालन करत नाहीत. राहिली गाडी. गाडीचं एक रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, लांबट, कार्यालयात असायचं तसं. त्यात पट्टीनं आखलेले रकाने आहेत: दिनांक, लक्षण, कारण, कारवाई, खर्च, साक्षीदार. साक्षीदाराचा रकाना कशाला, असं मी एकदा विचारलं. “उद्या कोणी म्हटलं की गाडी बंद पडलीच नव्हती, तर?” काका म्हणाले. असं म्हणणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, पण तरतूद आहे.

हे रजिस्टर मला वाचायला मिळालं आहे. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर पडून वाचण्याजोगं एवढं मराठी गद्य माझ्या पाहण्यात नाही. जून २००३ ची एक नोंद अशी: ‘लक्षण: सेल्फ फिरतो, पकडत नाही. कारण: पहिला पाऊस, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल. कारवाई: झाकण तव्यावर शेकले. आक्षेप: तवा पोळीचा. आक्षेपक: सौ. निर्णय: तवा गाडीच्या नावे वर्ग, घरास नवीन तवा, रु. ८५.’ आणखी एक: ‘लक्षण: बोनेटमधून आवाज, इंजिन बंद असताना. कारण: मांजर, व्याली. पिल्ले तीन. कारवाई: वाहन एकवीस दिवस स्थगित. खर्च: दूध.’ एका दिवाळीची नोंद फारच आटोपशीर आहे. लक्षणात ‘कार्बोरेटरमधून जाळ’ आणि कारणात एकच शब्द, ‘जावई’.

त्या जावयाचं काय झालं, ते सांगायला हवं, कारण त्यात काकांचा मूलमंत्र आहे. जावई इंजिनिअर, पुण्याचे. दिवाळीला आले तेव्हा हौसेनं त्यांनी प्लग काढले, चकचकीत पुसले आणि वायरी परत लावल्या. एक, दोन, तीन, चार, अशा ओळीनं. कुठलाही शहाणा माणूस तशाच लावेल. पण फियाटच्या चार सिलिंडरांत ठिणगी ओळीनं पडत नाही. पहिला नि चौथा दट्ट्या जोडीनं वर जातात, तेव्हा दुसरा नि तिसरा जोडीनं खाली येतात. म्हणून क्रम एक-तीन-चार-दोन. जावयांनी सेल्फ मारला आणि गाडी खोकली. दुसऱ्यांदा मारला, तेव्हा कार्बोरेटरनं लक्ष्मीपूजनाचा फटाका फोडला आणि जावयांच्या भिवया अर्ध्या झाल्या. काका जावयांना काही बोलले नाहीत, जावईच ते. पण तेव्हापासून ‘एक-तीन-चार-दोन’ हे घरात शुभंकरोतीसारखं म्हटलं जातं. नातवाला पाढे यायच्या आधी ते येत होतं. पहिलीच्या बाईंनी आकडे म्हणायला सांगितले तेव्हा त्यानं तेच म्हणून दाखवलं, आणि शाळेतून चिठ्ठी आली.

काकांची पद्धत मात्र पक्की आहे, हे कबूल करायला हवं. “इंजिनाला लागते काय?” ते विचारतात. समोर कोणी नसलं तरी विचारतात. “हवा, पेट्रोल, करंट. हवा फुकट आहे, तिला सोड. राहिलं काय? दोनच.” आधी हॉर्न वाजवायचा. वाजला की बॅटरीत जीव आहे. मग दिवे लावून सेल्फ मारायचा. दिवे पार विझले तर बॅटरी उपाशी किंवा तिचे टर्मिनल पांढऱ्या-हिरव्या बुरशीनं माखलेले. मग त्यावर उकळतं पाणी ओतायचं. नुसतं टक् झालं तर सेल्फला हातोडीनं एक प्रेमाची टिचकी. सेल्फ नीट फिरला आणि तरी गाडी पकडत नसेल, तर भांडण पेट्रोलचं नाही तर करंटचं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस पाच मिनिटांत गाडी सुरू करेल, असं आपल्याला वाटतं. इथंच आपलं चुकतं.

घर बांधताना काकांनी आर्किटेक्टला एकच अट घातली होती. पोर्च रस्त्यापेक्षा दीड फूट उंच पाहिजे, उतार रस्त्याकडे. सेल्फनं दगा दिला तर हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, उतारावर क्लच सोडायचा, गाडी चालू. वास्तुशांतीला पाहुण्यांना देवघर दाखवायच्या आधी त्यांनी उतार दाखवला. वीस वर्षं त्या उतारानं सेवा केली. मग लेआउटमध्ये सिमेंटचा रस्ता झाला. नागपूरकराला पुढचं सांगायची गरज नाही. जुन्या रस्त्यावर नवा रस्ता चढला, घरं खड्ड्यात गेली, आणि काकांचा उतार होता तिथंच राहून उलटा झाला. आता हँडब्रेक सोडला की गाडी मागं घरात येते. एकदा बैठकीच्या दारापर्यंत आली होती. काकू आतून म्हणाल्या, “या, बसा.”

उताराची भरपाई म्हणून काकांनी गाडीत ज्या सुधारणा केल्या, त्यांवर एक प्रदर्शन भरेल. डिकीत धक्का मारणाऱ्यांसाठी हातमोजे आहेत, तीन जोड्या. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षांपासून अर्ध्यावर ध्यानस्थ असल्यामुळे टाकी बोटांनी वाजवून पाहायची सोय आहे, टरबूज वाजवतात तशी. डॅशबोर्डच्या खाली चोरस्विच आहे. तो बंद असला की चोरानं कितीही सेल्फ मारला तरी गाडी चालू होत नाही. प्रामाणिक मालकानं मारला तरी होत नाही, पण काकांच्या मते हा स्विचचा दोष नव्हे. आणि इंजिनच्या बाजूला सलाईन आहे.

सलाईनचं नीट सांगतो. हा पूर्णपणे नागपूरचा शोध आहे आणि तो पुण्या-मुंबईत लागणं शक्य नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश ही किरकोळ गोष्ट. २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं. अशा दुपारी जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नळीतल्या नळीत उकळतं, त्याची वाफ होते आणि पंप बिचारा बुडबुडे ढकलत बसतो. पंप असतो इंजिनलाच चिकटून, म्हणजे चुलीवर बसून पाणी वाढायचं काम. गाडी सिग्नलवर बंद पडते ती गार होईपर्यंत उठत नाही. सगळे जुने ड्रायव्हर यावर ओला फडका टाकतात. काकांना फडका पटला नाही. “फडका वाळते ना बाबू, पाच मिनिटांत.” मग त्यांनी कूलरच्या जुन्या ताटीतली खस काढली, पंपाभोवती सुतळीनं बांधली, बोनेटच्या आतून सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगली आणि नळी त्या खसेवर सोडली. मिनिटाला वीस थेंब. चाकी फिरवून ते थेंब मोजतात, घड्याळ लावून, वॉर्डातल्या सिस्टरसारखे. गाडी रस्त्यानं गेली की मागं पेट्रोलचा धूर आणि खसेचा वास, दोन्ही येतात. शंकरनगर चौकातल्या सिग्नलवर शेजारच्या स्कूटरवाल्यानं एकदा डोळे मिटून दीर्घ श्वास घेतलेला मी स्वतः पाहिला आहे.

हे सगळं करून गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली तर? असं वर्षातून तीन-चार वेळा होतं. ते दिवस घरात जड जातात. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहतात. इंजिन गुरगुरत असतं. ते कान देतात, मान हलवतात. “बरोबर नाही वाटून राहिलं.” मग उतरतात, चालत्या इंजिनचं बोनेट उघडतात आणि कशाला तरी हात लावतात. ती बंद पडते. काकांच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. मला आधी वाटायचं, ही गाडी कुठं जाण्यासाठी ठेवली आहे. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की कुठं जायला काकांकडे स्कूटर आहे.

जे कारण सापडत नाही, त्याला काका अर्थिंग म्हणतात. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. बॅटरीची एक वायर थेट गाडीच्या अंगाला जोडलेली असते, आणि परतीचा सगळा करंट पत्र्यातून येतो. पत्रा गंजला, नट सैलावला की करंट भलत्या वाटेनं घरी जातो. इंडिकेटर दिला की वायपर हलतो, ब्रेक दाबला की आतला दिवा मंदावतो. पण काकांचं अर्थिंग गाडीपुरतं राहिलेलं नाही. पोळ्या फुगल्या नाहीत, अर्थिंग. शेजारच्या मुलाचा एमपीएससीचा निकाल, अर्थिंग. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बोंब झाली, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या संध्याकाळी काका गेटवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत होते. “मी काय म्हणत होतो?” ते काही म्हणाले नव्हते, पण आम्ही मान हलवली.

गाडी विका, असं सांगणारे कमी नाहीत. त्यात सरकारही आहे. जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण २०२१ मध्ये संसदेत मांडलं ते आमच्याच शहराच्या खासदारांनी, नितीन गडकरींनी. पुढच्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५००० झालं. काकांनी ते भरलं आणि पावती देवघरात ठेवली. मग पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, ज्यानं जुन्या रबरी नळ्या फुगतात नि चिरतात असं मिस्त्री सांगतात. “साहेब आपलेच आहेत,” काका नळी बदलता बदलता म्हणाले, “पण उसाचा रस माणसाला बाधत नाही म्हणून गाडीला द्यायचा का?” ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या दिवशी काका जेवले नाहीत असं मी ऐकलं, आणि रजिस्टर पाहिलं तर खरंच नोंद होती: ‘मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवानिवृत्त, वय २०. आपली, वय ३७, सेवेत.’ खर्चाच्या रकान्यात ‘निरंक’.

आता गेल्या मे महिन्यातली ती सकाळ.

काकूंच्या भाच्याचं साक्षगंध होतं, काटोलला. नागपूरहून साठेक किलोमीटर. मुहूर्त अकराचा. म्हणून आठला निघायचं ठरलं. काकू पैठणी नेसून, पुडाच्या वडीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्राचं शब्दकोड्याचं पान आणि पेन. काकूंना तीस वर्षांचा अनुभव आहे. दोन मिनिटांच्या कामाला निघतानाही त्या शब्दकोडं घेतल्याशिवाय गाडीत बसत नाहीत. लेआउटमध्ये म्हणतात की अख्ख्या प्रभागात काकूंएवढा मराठी शब्दसंग्रह कोणाचा नाही.

काकांनी सेल्फ मारला. सेल्फ छान फिरला. गाडीनं पकडलं नाही. दुसऱ्यांदा, चोक ओढून. नाही. तिसऱ्यांदा मारला तोवर मी, समोरचे गुरुजी, दूधवाला आणि मॉर्निंग वॉकवरून परतणारे दोघं गेटमध्ये होतो. हे आवाजानंच होतं. कोणी बोलावत नाही. सेल्फ तीनदा फिरला की नागपूरचा माणूस हातातलं काम ठेवून निघतो.

“सेल्फ घेऊन राहिली,” काका खाली उतरत म्हणाले. “पण पकडून नाही राहिली. व्हेपर लॉक आहे.”

रात्रभर पोर्चमध्ये उभी असलेली गाडी, सकाळचे आठ. पेट्रोल उकळणार कशानं? हे मला कळत होतं, गुरुजींना कळत होतं, मला वाटतं काकांनाही कळत होतं. पण सलाईन तयार होतं. ज्याच्याकडे जे औषध, त्याला तोच रोग दिसतो. अर्धा तास थेंब पडले. पंपाखालची छोटी दांडी हातानं मारून काकांनी पेट्रोल चढवलं, कार्बोरेटरचं तोंड उघडून वास घेतला. पेट्रोल भरपूर आलं होतं. उलट आता जरा जास्तच आलं होतं. इंजिन ओलंचिंब. मग फ्लड झालेली गाडी वाळावी म्हणून पंधरा मिनिटं सक्तीची विश्रांती. त्यात चहा झाला.

“मी एसटीनं जाते,” काकू आतून म्हणाल्या. “गणेशपेठेतून काटोलची मिळते.”

“झालंच आता,” काका म्हणाले.

“पाच अक्षरी. ‘न संपणारा.’”

“अविनाशी,” गुरुजी म्हणाले.

“ते चार होतात.”

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातला मिहानमध्ये नोकरीला असलेला मुलगा आला. त्याच्या हातात मोबाइल आणि एक काळी डबी होती. “काका, ओबीडी पोर्ट कुठंय? स्कॅन करून देतो, एरर कोड येते लगेच.”

“पोर्ट?” काकांनी वर पाहिलं. “पोर्ट विशाखापट्टणमला.”

तरी पोरगं स्टिअरिंगखाली वाकून शोधत राहिलं. सापडण्याजोगं तिथं काही नव्हतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं.

मग करंटचा तपास सुरू झाला. चारही प्लग निघाले. काकांनी ते पोर्चच्या कठड्यावर जुन्या बनियनच्या तुकड्यावर मांडले, डावीकडून एक-तीन-चार-दोन. त्यांची तोंडं काळी, ओली. काकांनी एकेक उचलला, काचपेपरनं घासला, फुंकर मारली, उन्हात धरून त्याच्या दोन टोकांमधली फट पाहिली, आणि खिशातून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढून त्या फटीतून अलगद सरकवला. ब्लेड घासत जायला हवं, अडकता कामा नये, लळत-लोंबत जाता कामा नये. हे करताना त्यांचं तोंड जरा उघडं राहतं आणि जीभ एका कोपऱ्यात येते, सुईत दोरा ओवताना आजी करायची तसं. त्या वेळी कोणीच बोललं नाही. दूधवाल्यानंसुद्धा गाडी बंद केली. माणूस इतक्या वर्षांनी, इतक्या वेळा केलेलं काम एवढ्या काळजीनं करतो, हे पाहताना मला दर वेळी थोडं विरघळायला होतं, आणि म्हणूनच मी दर वेळी साक्षीदार होतो.

प्लग वायरीला लावून, इंजिनला टेकवून सेल्फ मारला. ठिणगी नाही. चारांपैकी एकालाही नाही.

“करंटच येऊन नाही राहिला!” मॉर्निंग वॉकवाल्यांपैकी एक जण आनंदानं ओरडला. रोगी गंभीर आहे हे कळल्यावर पाहुण्यांना जो उत्साह येतो, तो आला.

काकांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट घासले. नाही. कॉइल बदलली. डिकीत दुसरी आहे, तिच्याहून जुनी. नाही. मग टेस्टर आला. टेस्टर म्हणजे मागच्या दिव्याचा एक बल्ब आणि दोन वायरी. तो कॉइलला लावला, पेटला नाही. इग्निशनला लावला, पेटला नाही. शेवटी थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला, तिथंही पेटला नाही. काका सरळ उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “बॅटरीत करंट नाही.” ज्या बॅटरीनं सकाळपासून चाळीस वेळा सेल्फ फिरवला होता, तिच्यात. यावर चर्चा झाली. दूधवाल्यानं हळूच बल्ब हातात घेऊन कानाशी हलवला. आत तार खुळखुळली. बल्बच गेलेला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. दुधाच्या पाण्याचा हिशेब त्या क्षणी फिटला, असं मला वाटलं.

साडेदहा वाजले. ऊन पोर्चमध्ये आलं. काकांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ हातात धरला आणि लावला. मोमिनपुऱ्यातले मिस्त्री चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत. हातानं काम करत नाहीत, पण कानानं करतात. काकांनी सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, “सेल्फ मारो साब, सुनाओ.” काकांनी फोन बोनेटमध्ये धरला, मी किल्ली फिरवली. फोनच्या स्पीकरवर तीन-चार सेकंद शांतता. मग चाचा अगदी अदबीनं म्हणाले:

“साब, वो चोर बटन देखा क्या?”

पोर्चमध्ये एवढी शांतता मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. गुरुजी सिमेंटच्या रस्त्याकडे पाहू लागले. मिहानवाल्या मुलानं मोबाइल खिशात घातला.

काकांनी फोन बंद केला. घाई केली नाही. झाकण बसवलं, जुनी कॉइल काढून मूळची लावली, चार प्लग, चार वायरी, तोंडातल्या तोंडात एक-तीन-चार-दोन. बोनेटमधल्या एका नटाला पाना लावून पाव आटा दिला. तो नट बॅटरीच्या काळ्या वायरीचा होता. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आणि पायातली चप्पल सरकली म्हणून खाली वाकले. मी खिडकीशीच उभा होतो. डॅशबोर्डच्या खाली एक बारीक ‘टिक्’ झालं.

सेल्फ मारला. गाडी अशी सुरू झाली की गेटवरचं मांजर पळालं.

“अर्थिंग!” काका खिडकीतून म्हणाले.

“अर्थिंग,” आम्ही सगळे म्हणालो.

मागून काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. “मी काल आतून पुसली होती गाडी. ओल्या फडक्यानं. त्या खालच्या बटणापर्यंत.”

काकांचा हात गिअरच्या दांडीवर क्षणभर थांबला. “मग अर्थिंगमध्ये ओल गेली असेल,” ते म्हणाले.

“असेल,” काकू म्हणाल्या, आणि पेन उघडलं.

गाडी निघता निघता काकांनी डॅशबोर्डमधून लाल रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. इंजिन बंद करायचं नाही म्हणून बसल्या जागी, गुडघ्यावर, नोंद आधीच झाली होती. अक्षर थोडं थरथरलेलं होतं, इंजिनामुळं. ‘लक्षण: सेल्फ फिरतो, पकडत नाही. कारण: अर्थिंग. कारवाई: नट आवळला. खर्च: निरंक.’ त्यापुढचा रकाना रिकामा होता. काकांनी स्वतःचं पेन पुढं केलं. काकूही पाहत होत्या, दूधवालाही पाहत होता.

मी सही केली. तारीख घातली.

“वेळ पण टाक,” काका म्हणाले. “अकरा वाजून पाच.”